दादाचं सेकंडहँड विमान

परवा संध्याकाळी देवपुरात टपरीवर चहा घेत होतो. गोंदूरहून उडालेलं शिकाऊ विमान नेहमीप्रमाणे डोक्यावरून घरघरत गेलं. धुळेकरांना आता त्याचं काही वाटत नाही, पण त्या दिवशी एकाने वर बघून विचारलं, "भाऊ, असं विमान केवढ्याला येत असेल हो?" दुसरा म्हणाला, "पाच-दहा कोटी कुठे गेले नाहीत." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी म्हणालो, "जुनं घेतलं तर पन्नास लाखात येतं. चार सीटचं."

कोणी विश्वास ठेवला नाही. पत्रकार फेकतोय, असं तोंडावर म्हणाले नाहीत एवढंच. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. मला विमानातलं काही कळत नाही, मी पत्रकारितेचा डिप्लोमा केलेला माणूस. पण एक विमान विकत घेताना मी त्यात होतो. म्हणजे शरीराने धुळ्यात होतो आणि डोळ्यांनी त्या विमानाच्या वहीत.

माझा मामेभाऊ, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, अमेरिकेत ओहायो राज्यात कोलंबस शहराजवळ राहतो. सॉफ्टवेअरवाला. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्याने विमान चालवायचं लायसन काढलं. तिथे खासगी वैमानिकाच्या लायसनला किमान ४० तास उड्डाण लागतं, याला ६८ तास लागले आणि ते तो प्रामाणिकपणे सांगतो. मग दोन-तीन वर्षं तासाच्या भाड्याने विमान घेऊन उडायचा. शनिवारी बुकिंग मिळायचं नाही, मिळालं तर हवा खराब असायची. शेवटी त्याने आणि त्याच्या एका मित्राने अर्धं-अर्धं करून स्वतःचं घ्यायचं ठरवलं. बजेट दोघांचं मिळून साठ-सत्तर हजार डॉलर.

वहिनीचा सरळ विरोध होता. मुलगा दोन वर्षांनी कॉलेजला जाणार, तिथलं कॉलेज म्हणजे काय खर्च असतो ते सांगायला नको. पण खरी गोष्ट वेगळी होती. त्या उन्हाळ्यात मामा आणि मामी सहा महिन्यांसाठी तिकडे गेलेले होते. मामा पंचाहत्तरी ओलांडलेले. पुन्हा इतका लांबचा प्रवास त्यांना झेपणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, बोलत कोणी नव्हतं. दादाला बापाला एकदा स्वतःच्या हाताने आकाशात न्यायचं होतं. वहिनीला हे कळत होतं, आणि तिची भीतीही नेमकी तीच होती. म्हणाली, "घाईत घेतलेलं जुनं विमान, आणि त्यात म्हातारी माणसं."

आता जुनं म्हणजे किती जुनं? इथेच आपल्या माणसाला पहिला धक्का बसतो. स्वस्तातलं चार सीटचं विमान म्हणजे साधारण १९६० ते १९८० या काळात बनलेलं, दादाच्या आणि माझ्या वयाचं किंवा आमच्याहून मोठं. सेसना १७२ हे जगात सर्वात जास्त बनलेलं विमान, १९५५ साली पहिल्यांदा उडालं, आजवर ४४ हजारांच्या वर बनली. पण १९८६ ते १९९६ ही दहा वर्षं कंपनीने त्याचं उत्पादनच बंद ठेवलं होतं. त्यानंतर बनलेली महाग, आणि आज नवं कोरं १७२ घ्यायचं तर चार लाख डॉलरच्या वर जातं. त्यामुळे साध्या पगारदाराच्या वाट्याला येतात ती सत्तरच्या दशकातली. दुसरं नाव पायपर चेरोकी, हे १९६०-६१ च्या सुमाराचं. सेसनाचे पंख छतावर, चेरोकीचे पायाशी. बीचक्राफ्टचं मस्केटिअर, ग्रुमनचं टायगर अशीही नावं दादाच्या यादीत होती, पण गावोगावच्या मेकॅनिकला हात सरावलेले आणि सुटे भाग सहज मिळणारे म्हणून गाडी या दोघांवरच येऊन थांबली. आपल्याकडे ट्रॅक्टर घेताना जवळ सर्व्हिस कुठे आहे ते आधी बघतात, तसंच.

दादाने पहिलं पसंत केलं ते १९६७ चं चेरोकी १८०. फोटो पाठवले. पांढरं शुभ्र, त्यावर नवा लाल पट्टा, आत चामड्याच्या सीट, डॅशबोर्डवर मोठा जीपीएसचा स्क्रीन. मी म्हणालो, "दादा, हे तर आमच्या आमदाराच्या गाडीपेक्षा भारी आहे." मालक ऐंशीच्या घरातला सज्जन गृहस्थ, डोळ्यांमुळे उडणं सोडलेला. किंमत ६८ हजार डॉलर. विमान एकूण ३,२०० तास उडालेलं, जे फार नाही. इंजिनाचं पूर्ण काम होऊन ७४० तास झालेले. लायकोमिंग कंपनीचं हे इंजिन २,००० तासांना पूर्ण उतरवून काम करावं असं कंपनी सांगते. म्हणजे अजून साठ टक्के आयुष्य शिल्लक, असा दादाचा हिशोब.

मला फोन का केला? तर म्हणाला, "पत्रकार, तू वीस वर्षं झेडपीचे कागद वाचतोयस. मी तुला लॉगबुकं स्कॅन करून पाठवतो, जरा बघ. मला ते विमान इतकं आवडलंय की माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास राहिलेला नाही."

हे वाक्य मला फार आवडलं. सेकंडहँड काहीही घेताना माणसाने हे एकदा मोठ्याने म्हणावं.

तिकडे प्रत्येक विमानाची वही असते. एक विमानाच्या अंगाची, एक इंजिनाची, एक पंख्याची. पहिल्या दिवसापासून कोणी काय दुरुस्त केलं, कधी, किती तासांवर, आणि खाली मेकॅनिकची सही आणि लायसन नंबर. वर्षातून एकदा पूर्ण तपासणी सक्तीची. शिवाय विमानाचा सातबाराही असतो म्हणा ना. ओक्लाहोमा सिटीत त्यांच्या विमान खात्याची नोंदणी कचेरी आहे, तिथे मालकांची साखळी, कोणाचा कर्जाचा बोजा, मोठ्या दुरुस्त्यांचे फॉर्म असं सगळं मागवता येतं. सत्तावन्न वर्षांचे कागद, तीनशेच्या वर पानं. मी रात्री जेवण झाल्यावर बसलो तो दोन वाजता उठलो.

पहिली गोष्ट मला दिसली ती कोणालाही दिसली असती. इंजिनाचं काम झालं होतं १९९६ साली. म्हणजे ७४० तास हे अठ्ठावीस वर्षांत मिळून उडालेले. त्यातही २००४ ते २०१३ या नऊ वर्षांत फक्त ३८ तास. विमान तेव्हा फ्लोरिडात होतं, समुद्राजवळ, उघड्यावर.

दुसरी गोष्ट दिसली ती मात्र धुळ्याच्या माणसालाच दिसली असती. वार्षिक तपासणीत प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतात, ८० पैकी किती टिकला ते लिहितात. २००६ ला लिहिलं होतं ७६, ७४, ७५, ७६. २००७ ला ७६, ७४, ७५, ७६. २००८ ला तेच. २००९ ला तेच. चार सिलिंडर, चार वर्षं, एकही आकडा इकडचा तिकडे नाही. मी हसलो. बांधकामाच्या मोजमाप पुस्तिकेत, आपण जिला एमबी म्हणतो, मी हे इतक्यांदा बघितलंय. तीन वेगवेगळ्या गावांतल्या तीन रस्त्यांच्या डांबराची जाडी मिलिमीटरपर्यंत सारखी भरते. खरं मोजणाऱ्याचे आकडे कधी सारखे येत नाहीत. सारखे येतात ते टेबलावर बसून लिहिणाऱ्याचे.

सकाळी दादाला सांगितलं. तो गप्प झाला. मग म्हणाला, "अरे पण ते पंधरा वर्षांपूर्वीचं आहे. त्यानंतर दोन मालक झाले, नंतरच्या नोंदी चांगल्या आहेत."

व्हिडिओ कॉलवर मागे मामा बसलेले होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "नऊ वरीस उभं होतं का ते?"

मामांविषयी थोडं सांगायला पाहिजे. मामा आयुष्यभर आग्रा रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या वर्कशॉपमध्ये हेडमिस्त्री. ट्रक, लक्झरी, जीप, जे येईल ते. शिक्षण सातवी. बोलतात निम्मं मराठी, निम्मं अहिराणी. त्यांचं लहानपणापासून ऐकलेलं एक वाक्य आहे, "उभी गाडी सडस, पयती गाडी टिकस." गाडी किती पळाली ते विचारू नका, किती दिवस उभी होती ते विचारा.

गंमत अशी की लायकोमिंग कंपनी पन्नास वर्षं हेच सांगत आलीय, फक्त इंग्रजीत. या इंजिनात कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. इंजिन बंद झालं की तेल हळूहळू खाली उतरतं आणि कॅम कोरडा पडतो. विमान महिनोन्‌महिने उभं राहिलं की दमट हवेत त्यावर गंज धरतो. मग कधी तरी सुरू केलं की तो गंजाचा खरखरीत कॅम टॅपेटला खात सुटतो. म्हणून महिन्यातून निदान एकदा तरी तासभर सलग उडवा असं कंपनी म्हणते. नुसतं जमिनीवर पाच-दहा मिनिटं चालू करून बंद करणं तर आणखी वाईट, कारण आत पाणी धरतं आणि ते जाळायला इंजिन पुरेसं तापतच नाही. मामांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "मग काय नवीन सांगितलं?"

दादाने तरीही सौदा सोडला नाही. पण एक शहाणपणा केला. विक्रेत्याच्या ओळखीचा मेकॅनिक नको म्हणून दुसऱ्या गावचा, त्या विमानाला आधी कधी हात न लावलेला मेकॅनिक पैसे देऊन बोलावला. त्याने सांगितलं, वार्षिक तपासणी ताजी आहे म्हणून फसू नका, विमान विकत घेण्याआधीची तपासणी ही वेगळी गोष्ट आहे, ती विकत घेणाऱ्याच्या बाजूने करायची असते. त्याने तेलाचा फिल्टर कापून उलगडला. आत चकाकणारे बारीक लोखंडी कण. मग पंखाखालची झाकणं काढून आरसा आणि टॉर्च घालून बघितलं. चेरोकीच्या पंखात मुख्य तुळई असते, तिच्या पुढच्या बाजूला पेट्रोलच्या टाक्या. टाकीच्या आड तुळईवर पांढरी भुकटी दिसली. ॲल्युमिनियमचा गंज तसाच असतो, पांढरा. किती खोल आहे ते टाकी काढल्याशिवाय कळणार नव्हतं.

इथे एक गोष्ट जोडतो. २०१८ साली फ्लोरिडात पायपरच्याच याच कुळातल्या एका प्रशिक्षण विमानाचा पंख हवेत तुटला होता. आतला शिकाऊ वैमानिक आणि त्याचा परीक्षक दोघेही गेले. तो गंजाचा प्रकार नव्हता, बोल्टच्या भोकापाशी धातू थकून तडा गेला होता. त्यानंतर तिथल्या विमान खात्याने या जातीच्या ठरावीक विमानांची ती भोकं खास उपकरणाने तपासायचा सक्तीचा आदेश काढला. विमान घेताना असे आदेश एकूण किती, आणि त्या विमानाने किती पाळले, याची यादी वहीत असलीच पाहिजे. नसली तर पुढे बोलूच नये.

चौदाशे डॉलर खर्च करून दादा रिकाम्या हाताने परत आला. दोन दिवस कोणाशी बोलला नाही. वहिनी मला म्हणाली, "चौदाशे डॉलरला मला झोप लागली, स्वस्तच पडलं."

त्याच आठवड्यातल्या एका रात्री, म्हणजे त्यांची रात्र, माझी सकाळ, मामांनी स्वतः मला फोन लावला. घरातले सगळे झोपले होते. म्हणाले, "भाच्या, ते सारखे आकडे तुला कसे दिसले?" मी सांगितलं. मग थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मग त्यांनी सांगितलं.

बत्तीस-तेहतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लग्नसराई. वर्कशॉपला गाड्यांची रांग. एक लक्झरी बस संध्याकाळी निघायची होती. मालकाने सांगितलं, रजिस्टरला ब्रेक चेक लिही, वेळ नाही, उद्या आली की बघू. मामांनी लिहिलं. सही केली. त्या रात्री लळिंगच्या घाटात गाडी सुटली आणि कठड्याला जाऊन धडकली. माणूस मेला नाही कोणी. पण क्लीनरचा पाय गुडघ्यापासून गेला. वीस वर्षांचा पोरगा. चौकशीत रजिस्टर बघितलं, त्यात ब्रेक चेक लिहिलेलं होतं, म्हणून वर्कशॉपला काही झालं नाही. दोष ड्रायव्हरवर गेला.

"त्या वहीनं मला वाचवलं," मामा म्हणाले. "तेच वाईट झालं."

मामीलाही हे माहीत नव्हतं. मी त्यांना विचारूनच इथे लिहितोय. ते म्हणाले, "लिही, आता काय." वर्कशॉपचं नाव लिहू नको म्हणाले, मालकही आता हयात नाही.

दुसऱ्या दिवसापासून विमानखरेदीचा ताबा मामांनी घेतला असं म्हणायला हरकत नाही. त्यांनी दादाला तीन गोष्टी सांगितल्या. रंग बघू नको. रोज वापरातलं बघ. आणि मालक स्वतः ज्यात बायकोपोरांना बसवतो ते बघ.

मग सापडलं ते १९७५ चं सेसना १७२. कोलंबसपासून दीड तासावरच्या एका छोट्या विमानतळावर. दिसायला अगदीच गयेगुजरे. खाकी आणि नारिंगी रंग, तोही उडालेला. आतलं प्लास्टिक तडकलेलं, रेडिओ जुने. तिथे २०२० पासून बऱ्याच हवाई हद्दीत विमानाची जागा आपोआप सांगणारं उपकरण लागतं, ते तेवढं बसवलेलं होतं, नाही तर आणखी काही हजार डॉलर गेले असते. इंजिनाला १,४५० तास झालेले. जाहिरात बघून लोक याच आकड्यावर पळून जात होते, कारण पुढच्या पाच-सहाशे तासांत इंजिनाचं काम येणार आणि ते तीस-चाळीस हजार डॉलरचं. पण वहीत बघितलं तर दर वर्षी ऐंशी-नव्वद तास उड्डाण, एकही वर्ष खाडा नाही. दर पन्नास तासांनी तेल बदललेलं, मधल्या मधल्या बारीक दुरुस्त्या लिहिलेल्या. दाराची कडी बदलली, टायर बदलला, एका मॅग्नेटोचं काम केलं. सिलिंडरचे आकडे दर वर्षी वेगळे, कधी एक खाली तर कधी दुसरा. मी दादाला म्हणालो, "ही खरी वही आहे." ज्या वहीत कधीच काही बिघडलेलं नसतं, ती वही मला संशयास्पद वाटते. हा नियम ग्रामपंचायतीच्या दप्तरालाही लागू पडतो, पण तो विषय वेगळा.

आणि २,००० तास हा खासगी मालकाला कायद्याने बांधलेला आकडा नाही. कंपनीची शिफारस आहे. नीट वापरातलं इंजिन त्यापुढेही चालतं, उभं राहिलेलं सातशेतच जातं. फक्त प्रत्येक उडलेल्या तासामागे सतरा-अठरा डॉलर बाजूला काढून ठेवायचे, म्हणजे काम निघेल त्या दिवशी बोंबलायची वेळ येत नाही. एक सावधगिरी मात्र: १९७७ ते १९८० च्या १७२ मध्ये जे इंजिन होतं त्याच्या कॅम-टॅपेटबद्दल जुन्या तक्रारी आहेत. तीही विमानं लोक आनंदाने उडवतात, पण घेताना तेवढं नीट बघून. हे १९७५ चं, आधीचं साधं १५० हॉर्सपॉवरचं इंजिन.

बघायला मामा स्वतः गेले. दादाने फोन समोर धरला होता, मी इथे टपरीवरच बसून बघत होतो. मामांनी आधी पुढची सीट दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवली. मालक अमेरिकन, बघतच राहिला. पण ते बरोबर होतं. १७२ मध्ये सीट रुळावर पुढे-मागे सरकते, रुळाला भोकं असतात, त्यात खिट्टी बसते. भोकं झिजली तर ऐन उड्डाणाच्या वेळी, नाक वर असताना, सीट सर्रकन मागे जाते. वैमानिकाच्या हातात हँडल असतं, तो पडताना तेच ओढतो आणि नाक आणखी वर. यात माणसं गेलेली आहेत. त्यावर सक्तीचा आदेश आहे, भोकं मापून बघावी लागतात. मामांना आदेश माहीत नव्हता, त्यांना ॲम्बॅसेडरची सीट माहीत होती.

आता चार सीटची गोष्ट. टपरीवरच्या मित्रांना मुद्दाम सांगतो, चार सीटचं विमान म्हणजे चार माणसांचं विमान नव्हे. दादाने कागद घेऊन हिशोब केला. या सेसनाची, रिकाम्या वजनावर, उचलायची ताकद ३८६ किलो. टाकी पूर्ण भरली तर वापरता येणारं १४४ लिटर पेट्रोल, त्याचं वजन १०३ किलो. राहिले २८३. दादा ८४, वहिनी ६६, मामा ७०, मामी ६८. झाले २८८. पाच किलो जास्त, आणि अजून पाण्याची बाटलीही घेतलेली नाही. ते चेरोकी १८० टाकी भरूनही चौघांना उचलून वर तीस किलो सामान नेऊ शकलं असतं, म्हणून तर दादाचा जीव त्यात अडकला होता. पण चेरोकीला दार एकच, उजव्या बाजूला, आणि आत जायचं तर पंखावर चढून जावं लागतं. मामीचे गुडघे जिन्याच्या तीन पायऱ्यांना कुरकुरतात. सेसनाला दोन्ही बाजूंनी दार, जीपमध्ये चढल्यासारखं. शिवाय चेरोकीत डाव्या-उजव्या टाकीचं पेट्रोल वैमानिकाने आठवणीने बदलावं लागतं, एक टाकी भरलेली असताना दुसरी कोरडी पडून इंजिन बंद पडल्याचे प्रकार झालेत. सेसनात दोन्ही टाक्या एकत्र चालू ठेवता येतात.

दादा म्हणाला, "अर्धीच टाकी भरली तर चौघं बसू. दोन तास आरामात उडता येतं, तासाला तीस लिटर जातं."

मामा म्हणाले, "सीटा चार आहेत म्हणून चार भरायलाच पाहिजेत, असं कुठं लिहिलंय? ही काय काळीपिवळी आहे का?"

ठरलं. जाईल तेव्हा दोन किंवा तीनच माणसं. पुन्हा तोच दुसऱ्या गावचा मेकॅनिक, पुन्हा फिल्टर कापला, या वेळी स्वच्छ. सातबारा मागवला, बोजा नाही. ५८ हजारांत सौदा झाला, दादाच्या वाट्याला २९ हजार. म्हणजे विमान आपल्या पन्नास लाखांत, आणि दादाचं अर्धं विमान पंचवीस लाखांत.

स्वस्त पडलं का? नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण अर्धवट माहितीवर स्वप्नं बघणाऱ्यांत मीही आहे. हँगरचं भाडं, विमा, वार्षिक तपासणी हे विमान उडो न उडो चालूच. दादाचाच हिशोब असा की दोघांनी मिळून वर्षाला शंभर तास उडवलं तरच भाड्याच्या विमानाशी जेमतेम बरोबरी होते. आणि खासगी लायसनवर सवारीचे पैसे घेता येत नाहीत, फार तर बरोबरच्यांशी पेट्रोलचा खर्च वाटून घेता येतो. तेव्हा ही कमाईची वस्तू नाही. घरात हार्मोनियम असावी तशी.

आपल्याकडे हे का होत नाही, असं टपरीवर विचारलं होतं. पैसा हे एकच कारण नाही. ओहायोत ८८ काउंट्या आहेत, म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारख्या. १९६० च्या दशकात तिथला गव्हर्नर जेम्स ऱ्होड्स याने प्रत्येक काउंटीला एक विमानतळ असं धोरण घेतलं आणि धावपट्ट्या बांधून टाकल्या. दादा ज्या विमानतळावर विमान ठेवतो तिथे फाटकावर पोलीस नाही, शेतकरी, दंतवैद्य, मास्तर असे लोक येऊन आपापलं शटर उघडतात. आपल्याकडे धावपट्टी म्हटलं की कोणाचा तरी दौरा असतो, एरवी कुंपण. या विमानांना लागणारं खास पेट्रोलसुद्धा आपण बाहेरून आणायचो, इंडियन ऑइलने ते वडोदऱ्याला बनवायला सुरुवात केली २०२२ मध्ये. गोंदूरला मुलं शिकतात ही मोठी गोष्ट आहे, अमोल यादव यांनी मुंबईत घराच्या गच्चीवर बनवलेल्या विमानाच्या चाचण्याही २०२० मध्ये धुळ्यातच झाल्या. पण धुळ्याचा एखादा डॉक्टर शनिवारी स्वतःचं जुनं विमान घेऊन जळगावला जेवायला गेला, असं चित्र अजून दूर आहे. मला ते बघायला आवडेल. त्याच्या वहीवर सह्या कोण करणार, हा प्रश्न मात्र मी आधी विचारीन.

मामा वर गेले ते परत येण्याच्या दहा दिवस आधी. पुढे दादाशेजारी मामा, मागे वहिनी. हो, वहिनीच. मामी खाली बाकावर बसून राहिली, म्हणाली एकेकाने वर जा, कोणीतरी खाली पाहिजे. चाळीस मिनिटं. मक्याची शेतं, एक नदी, एक रेल्वे लाइन. धुळ्यात आल्यावर मी विचारलं, मामा कसं वाटलं? म्हणाले, "इंजिनाचा आवाज चांगला आहे." बस, एवढंच. नंतर मामीकडून कळलं की उतरल्यावर त्यांनी दादाकडून वही मागून घेतली, त्या दिवशीची नोंद त्याने लिहीपर्यंत शेजारी उभे राहिले आणि मग ती बोटाने ओळ धरून वाचून घेतली. इंग्रजी येत नाही त्यांना.

मागच्या महिन्यात त्या विमानाची वार्षिक तपासणी झाली. दादाने पान फोटो काढून पाठवलं. मी मामांकडे घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, आणि माझ्या फोनमधून खरेदीच्या वेळचं पान काढायला लावलं. तेव्हाचे आकडे ७५, ७३, ७७, ७४. आताचे ७४, ७५, ७६, ७२.

"वेगळे आहेत ना चारी?" मामांनी विचारलं.

चारही वेगळे होते.